सदऱ्याचा राग

त्या रविवारी आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या हॉलमध्ये दोनशे माणसं दाटीवाटीने बसली होती. त्यांतली निदान दीडशे नुसती कूलरसाठी आली होती, पण तसं कुणी कबूल करत नव्हतं. जो तो म्हणत होता, "महाराजांसाठी आलोय."

मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, शेवटच्या रांगेत होतो. अण्णांना मीच ओढत नेलं होतं. घरातला भिंतीवरचा पंखा गरम हवा ढवळण्यापलीकडे काही करत नव्हता आणि अण्णांना सत्त्याहत्तरावं चालू होतं. त्या दिवसाचं मिनिटन् मिनिट मला पुढे आठवत राहणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा तो एक साधा, घामट रविवार होता.

महाराज व्यासपीठावर अशा कोनात बसले होते की कूलरची हवा आधी त्यांना लागे आणि उरलीसुरली भक्तांना. भक्त त्यांना शांतिमहाराज म्हणत. अण्णा गारेगार महाराज म्हणत. शेजारी एक जाडजूड शिष्य झाकणाचा तांब्याचा लोटा पोटाशी धरून उभा होता, जणू कुणी तो हिसकावून पळणार होतं.

"क्रोध!" महाराज म्हणाले. "क्रोधाचे किरण असतात. ते नाभीत उगम पावतात आणि डाव्या तळहातातून बाहेर पडतात. विज्ञानाला हे आत्ता आत्ता कळायला लागलंय. आम्हाला गेल्या जन्मापासून ठाऊक आहे."

"गेल्या जन्मी कूलर होता का, विचार," अण्णा माझ्या कानात म्हणाले.

"अण्णा, गप्प बसा."

लोकांना महाराजांची गरज का पडली तेही सांगायला हवं. गेला दीड महिना गल्लीचं डोकं फिरलं होतं. टेलरमास्तरांनी सलूनवाल्याला लाकडी पट्टीने मारलं. कारण काय, तर सलूनवाला दुकानासमोर उभा राहून जांभई देत होता. सलूनवाल्याने उत्तरादाखल फेसाची वाटी मास्तरांच्या डोक्यावर पालथी घातली. नळावर बादल्या भिडल्या. इथपर्यंत गंमतच होती. पण मग सायकल दुरुस्तीवाल्याने फेकलेला पंप दूधवाल्याच्या कपाळाला लागला आणि तीन टाके पडले. तेव्हापासून बायका पोरांना गल्लीत पाठवेनात.

आणि यातलं जवळजवळ प्रत्येक भांडण एकाच जागी झालं होतं. हॉलच्या पायऱ्यांवरच्या कोपऱ्यात, इस्त्रीवाल्या मावशीच्या पत्र्याच्या टपरीसमोर. ही गोष्ट आमच्या सेक्रेटरींनी हेरली आणि महाराजांच्या कानावर घातली. सेक्रेटरींची स्कूटर दिवसभर उन्हात उभी असे आणि संध्याकाळी तिच्या सीटवर बसताना ते जे बोलत, ते सभेच्या इतिवृत्तात कधी आलं नाही. मावशीच्या कोपऱ्याला चारनंतर समोरच्या इमारतीची छान सावली असे. पण सेक्रेटरी म्हणत, "माझा काही स्वार्थ नाही. मला सोसायटीची शांती हवी."

महाराजांनी झोळीतून एक वस्तू काढली. हातात मावेल एवढी काचेची चीज. खाली एक गोळा, वर एक गोळा, मध्ये वळणावळणाची नळी आणि खालच्या गोळ्यात लालभडक द्रव.

"हा अंतरंगकुंभ! याला खोटं बोलता येत नाही. मनात क्रोध असेल तर आतलं तीर्थ उसळेल. मन शांत असेल तर निश्चल राहील. या, कोण येतंय?"

सलूनवाला पुढे ढकलला गेला. त्याने खालचा गोळा मुठीत धरला. क्षणभर काही नाही; मग लाल द्रव नळीतून सरसर वर चढला आणि वरच्या गोळ्यात बुडबुडे फुटायला लागले. हॉलमधून "अगंऽ बाई" असा एकच आवाज निघाला.

"आता अकरा दिवस रोज दुपारी इथे बसायचं. या शांतिकक्षात," महाराज म्हणाले.

मग अकरा दिवस पूर्ण केलेले टेलरमास्तर आले. शिष्याने लोट्याचं झाकण किंचित सरकवलं, मास्तरांनी दोन्ही हात आत बुडवून शुद्ध केले, पुसले आणि कुंभ धरला. द्रव हलला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, आपण संत झालो.

अण्णा पुढे वाकून बघत होते. चष्मा कपाळावर सरकवून, जसे ते घरी तापमापकातल्या पाऱ्याकडे बघत तसे.

"बघितलंस? आधीच्याचे हात कोरडे. नंतरच्याचे ओले. आणि तो लोटा बघ. एवढ्या गारव्यात कुणाला घाम नाही, पण लोट्याला घाम फुटलाय."

"असू दे."

"मला तो लोटा एकदा आतून बघायचाय."

"अण्णा, वाजले किती? जेवायचंय अजून. चला."

जाता-येता मावशीची टपरी लागतेच. अण्णांनी सकाळी येताना पांढरा सदरा तिच्याकडे टाकला होता. मावशी दोन निखाऱ्यांच्या इस्त्र्या आळीपाळीने फिरवत होती आणि तिचा चेहरा तिसऱ्या इस्त्रीसारखा दिसत होता.

"मावशी, माझ्या गॅलरीपेक्षा तुझ्याकडे चार अंश जास्त असतं. मोजलंय मी," अण्णा म्हणाले.

"मोजलंत ना? मग थोडे घेऊन जा की घरी," मावशी म्हणाली.

अण्णा रस्ताभर हसत राहिले.

अण्णांची नोकरी वेधशाळेतली. छत्तीस वर्षं त्यांनी पांढऱ्या झडपांच्या पेटीतला तापमापक वाचला. निवृत्त झाल्यावर घरी आले ते एक तापमापक घेऊनच आणि तो गॅलरीत सावलीला टांगला. रोज सकाळी आठ आणि दुपारी अडीच. लग्न असो, ताप असो, पाहुणे असोत. लहानपणी मी एकदा त्यांच्या वेधशाळेतला एक तापमापक खालच्या टोकाला धरून उचलला, तेव्हा त्यांनी माझे हात अलगद सोडवले होते. "तिथे धरू नये. तो हवेचं सांगायचं सोडून तुझंच सांगायला लागतो." आमच्या घरात देवाधर्माचे नियम फारसे नव्हते, हा एक नियम होता.

या उन्हाळ्यात त्यांनी वहीत एक जादा रकाना आखला होता. त्याला नाव दिलं होतं 'गल्ली'.

त्या दुपारी मी पानं वाढली आणि अण्णा उठले. अडीचला दोन मिनिटं होती.

"अण्णा, पान वाढलंय."

"दोनच मिनिटं."

काय झालं कुणास ठाऊक. पाठीवरून घाम ओघळत होता, वीज दोनदा जाऊन आली होती, आमटी उतू गेली होती. मी म्हणाले, "आता कुणासाठी बघता? तुमचा आकडा आता कुणालाही नकोय, अण्णा."

ते दारात थांबले. "हं," म्हणाले. मग गॅलरीत गेले, पारा वाचला, वहीत लिहिलं, परत येऊन मुकाट जेवले. जेवताना मला वाटलं, एकाएकी जरा वारं सुटलंय. मी वर बघितलंही नाही.

सोमवारी सकाळी आठच्या नोंदीला ते गॅलरीत गेले आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. वही मांडीवर मिटलेली होती. आठची नोंद व्हायची राहिली होती.

मी वही कपाटात ठेवली. उघडली नाही.

बारा दिवसांनी, शनिवारी, मावशी घरी आली. दारातच उभी राहिली.

"ताई, उद्या मला बोलावलंय. महाराजांपुढे. गल्लीतला सगळा राग माझ्यातून निघतो म्हणे. ते काचेचं उसळलं तर कोपरा सोडायचा. सेक्रेटरींनी कागदसुद्धा करून ठेवलाय."

"आणि नाही उसळलं तर?"

"उसळणारच हो. ज्यांचं ज्यांचं उसळावं असं त्यांना वाटतं, त्यांचं उसळतं." मावशी पदराने हात पुसत राहिली. "बावीस वर्षं झाली त्या कोपऱ्याला. दुसरीकडे मला कोण जागा देणार? आणि तेही चेटकीण म्हणून शिक्का बसल्यावर? अण्णा असते तर बोलले असते."

"अण्णा नाहीत, मावशी."

"म्हणून तर तुमच्याकडे आले."

मी तिला पाणी आणून दिलं, एवढंच. दुःखात माणूस फार सभ्य होतो. कुणाच्या भानगडीत पडत नाही.

जाताना ती म्हणाली, "त्यांचा सदरा राहिलाय माझ्याकडे. हात होत नव्हता. उद्या करते. त्या कोपऱ्यातली शेवटची इस्त्री ठरायची असेल, तर अण्णांच्या सदऱ्यावर ठरू दे."

रविवारी हॉल खच्चून भरला होता. मी वही घेऊन गेले. का, ते सांगता येणार नाही. एकटं जायला नको वाटलं, एवढंच.

सेक्रेटरींनी प्रास्ताविक केलं. ते पंधरा मिनिटं चाललं आणि त्यात शांती हा शब्द तेवीस वेळा आला. मग मावशीला हाक मारली. ती थेट इस्त्रीवरून उठून आली, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. वाटेत माझ्यापाशी थांबून तिने ते माझ्या हातात दिलं. सदरा अजून कढत होता. मी तो मांडीवर धरला. कुणाच्या तरी अंगाची ऊब असावी तसा.

"आधी हात शुद्ध करू का?" मावशीने लोट्याकडे बघत विचारलं.

"नाही!" महाराज घाईघाईने म्हणाले. "दोषीला आधी तीर्थ नाही. आधी परीक्षा."

मावशीने कुंभ धरला. धरला न धरला तोच लाल द्रव कारंज्यासारखा वर गेला आणि वरचा गोळा खदखदायला लागला. सलूनवाल्याच्या वेळी बुडबुडे आले होते. इथे तर आधण आलं होतं. पुढच्या रांगेतली एक बाई मागच्या रांगेत आली, ती खुर्चीसकट.

"झालं! सिद्ध झालं!" सेक्रेटरी कागद उलगडत म्हणाले. "पाहा, पाहा तिचा राग!"

"मला राग नाही आलेला हो," मावशी म्हणाली. "मला भीती वाटतेय."

माझ्या मांडीवर सदरा कढत होता. तिथे धरू नये. तो हवेचं सांगायचं सोडून तुझंच सांगायला लागतो.

मी उठून उभी राहिले. मी सभेत बोलणाऱ्यांतली नव्हे. मी ग्रंथालयात काम करते; तिथे बोलणाऱ्यांना गप्प करते.

"महाराज, एक शंका आहे. कुंभ जरा देता?"

महाराज देणार नव्हते, पण मावशीला तो कधी एकदा हातातून जातोय असं झालं होतं. तिने तो माझ्या हातात दिला. मी वरची नळी चिमटीत धरली, द्रव खाली बसू दिला, पुडकं उघडलं आणि खालचा गोळा अण्णांच्या सदऱ्याच्या घडीत खोचला.

मग द्रव सरसर वर चढला. बुडबुडे.

"हा माझ्या वडिलांचा सदरा आहे," मी म्हणाले. "तो रागावलाय का?"

मला वाटलं होतं, लोकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडेल. मी लोकांना ओळखत नव्हते.

"अण्णा!" कुणीतरी किंचाळलं. "अण्णांचा राग सदऱ्यात राहिलाय!"

"तरीच! गेल्यापासून गल्लीत फार ऊन झालंय!"

दोघीतिघींनी सदऱ्याला हात जोडले. टेलरमास्तर व्यवसायाच्या नजरेने पुढे वाकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कॉलर बघा. कॉलर कशी ताठ झालीय."

"ती खळीने ताठ आहे!" मावशी ओरडली. भीती गेली आणि आता तिला खरंच राग आला होता. "माझी खळ आहे ती! अण्णांनी जन्मात कुणाला मोठ्याने हाक मारली नाही, आणि मेल्यावर कॉलरीतून रागावतील?"

महाराजांनी संधी साधली. "मृतात्म्याचा क्रोध सर्वांत भयंकर. शांत करावा लागेल. एकवीस दिवस."

सभेच्या चहाची वेळ झाली होती. कोपऱ्यात सोसायटीची किटली वाफाळत होती. मी कुंभ किटलीला टेकवला. तो असा उसळला की मलाच दचकायला झालं.

"आणि किटली? किटलीलाही राग आलाय?"

सेक्रेटरी किंचित विचारात पडले. मग म्हणाले, "किटली सोसायटीची आहे. म्हणजे हा क्रोध सामुदायिक आहे." आणि स्वतःच्या बुद्धीवर खूष होऊन इकडेतिकडे बघू लागले.

मी मनात म्हटलं, अण्णा, तुमचंच खरं. लोटा आतून बघायला हवा.

"लोट्यातल्या तीर्थाने हात शुद्ध करायचे आहेत," मी शिष्याला म्हणाले.

"उरलं नाही," शिष्य म्हणाला आणि लोटा आणखी घट्ट धरला. पण बर्फाने गारठलेला लोटा तासभर पोटाशी धरणं सोपं नसतं. टेलरमास्तरांनी नुसता हात लावला आणि शिष्याने "आई गं" करून तो सोडून दिला. झाकण उडालं. दोन मोठे बर्फाचे खडे फरशीवरून घरंगळत गेले आणि सेक्रेटरींच्या चपलेपाशी थांबले. सेक्रेटरी त्यांच्याकडे असे बघत राहिले, जणू ते आता काही बोलणार आहेत.

"बर्फ," सलूनवाला म्हणाला.

"हिमालयाचा अंश आहे तो," महाराज म्हणाले.

"त्याच्यात एक माशी पण आहे," सलूनवाला म्हणाला.

लोट्यात अजून अर्धं पाणी होतं. मी सलूनवाल्याला म्हटलं, "भाऊ, दोन्ही हात यात बुडवा. शंभर आकडे मोजेपर्यंत. मास्तर, तुम्ही इकडे या. आता यांना राग आणायचा. जमेल?"

"मला?" मास्तरांचा चेहरा उजळला. "अहो, अकरा दिवस आवरून धरलंय."

सलूनवाल्याने बर्फाच्या पाण्यातून हात काढले आणि कुंभ धरला. मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "माझ्या मुलाच्या साखरपुड्याच्या दिवशी तू त्याचा भांग पाडलास. मुलीकडच्यांनी विचारलं, अपघात कधी झाला."

"तो तुमचा मुलगा मान हलवत होता!"

"मान हलवत नव्हता. ओरडत होता."

"आणि तुम्ही शिवलेली पँट? एक पाय सकाळी पोचतो, दुसरा दुपारी! माझ्या मेव्हण्याला लोक लंगडा समजतात! अहो कात्री धरायची अक्कल नाही आणि..." पुढचं मी लिहीत नाही. सलूनवाल्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, तो पायाच्या बोटांवर उभा राहून ओरडत होता, आणि त्याच्या हातातल्या कुंभात लाल द्रव तळाशी गाढ झोपला होता.

आधी एक बाई हसली. मग तिच्या शेजारची. मग सलूनवाल्याने ओरडता ओरडता हाताकडे बघितलं, आणि तोंड उघडंच राहिलं.

"अरे," तो म्हणाला. "मी तर शांत आहे."

हॉल फुटला. लोक खुर्च्यांवर थापा मारून हसत होते. मावशी पायरीवर बसून डोळ्यांना पदर लावून हसत होती. या गदारोळात कुणीतरी महाराजांच्या हातात चहाचा कढत पेला दिला होता; त्यांनी तो दाणकन खाली ठेवला आणि सलूनवाल्याच्या हातातून कुंभ ओढून घेतला. द्रव उसळला.

"महाराज, कुंभ खदखदतोय!" मास्तर म्हणाले. "रागावलात?"

"मी रागावलेलो नाही!" महाराज इतक्या जोरात ओरडले की कूलरही क्षणभर थांबल्यासारखा वाटला.

ते पंधरा मिनिटांत गेले. कुंभ राहिला. तो मी सगळ्यांच्या हातात दिला आणि जे अण्णांनी मला सहाव्या वर्षी सांगितलं होतं, तेच सांगितलं. "याच्यात चटकन वाफ होणारा द्रव आहे. हात गरम असला की खालच्या गोळ्यातली वाफ फुगते आणि द्रवाला वर ढकलते. याला मन कळत नाही. हाताची ऊब तेवढी कळते. मावशीचे हात इस्त्रीवरून आलेले, म्हणून आधण. मास्तरांचे बर्फातून आलेले, म्हणून संत. आणि हा खेळ इथे तळघरातच चालतो. बाहेर उन्हात हवाच हातापेक्षा गरम आहे. तिथे कुणाच्याही हातात हा हलायचा नाही. म्हणून महाराजांना कूलर लागायचा."

"पण ताई," टेलरमास्तर जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "इथे बसून मला खरंच शांत वाटायचं हो."

"वाटणारच. दुपारी बारा ते चार तुम्ही दुकानाच्या तापल्या पत्र्याखाली बसायचात, ते अकरा दिवस कूलरसमोर बसलात."

"मग सगळी भांडणं मावशीच्या टपरीपुढेच का?" हे सेक्रेटरी. कागद अजून हातात होता.

मी वही उघडली. अण्णांचं ते बारीक, उभं अक्षर. मी वाचायला लागले.

"'३४.५. गल्ली: शांत. सलूनवाले मास्तरांना चहा पाजताना आढळले.'"

"हो, पाजला होता," सलूनवाला म्हणाला.

"'४०.८. नळावर बादल्या. ४१.६. मास्तर आणि सलूनवाले. शब्द सोळा, पैकी छापण्याजोगे तीन. ४२.४. पंप. दूधवाल्याला तीन टाके. आज पत्र्याखाली मोजले: ४६.५. पश्चिमेचं ऊन, पत्रा, दोन इस्त्र्या, आणि तिथेच सगळ्यांची रांग. भांडण मावशी लावत नाही. मावशी सगळ्यांपेक्षा जास्त भाजते आणि तरी भांडत नाही, हे कुणी लिहून ठेवायला हवं.'"

मावशीने मान खाली घातली.

"म्हणजे उन्हाचा दोष," सेक्रेटरी सुटकेने म्हणाले. "आमचा कुणाचाच नाही."

"पुढे ऐका. '२९.०. ढगाळ, गार वारा. तरीही हाणामारी. कारण: मूर्खपणा.'"

पुन्हा हशा झाला. मी पान उलटलं. शेवटचं पान. मी ते कधी बघितलं नव्हतं, आणि बघण्याआधी तोंडाने वाचायला सुरुवात करून बसले होते.

"'रविवार, अडीच. ४३.२. गल्ली: शांत. घर...'"

मी थांबले.

"पुढे?" सलूनवाल्याने विचारलं.

"पुढे घरचं आहे."

कूलर घुमत राहिला. मग मला वाटलं, एवढं म्हणायचं राहिलंय, ते म्हणून टाकावं.

"ऊन माणसाला चिडायला लावतं. हे खोटं नाही, अण्णांनी वहीभर लिहून ठेवलंय. आधीच काठोकाठ भरलेलं असतं, ते उन्हाने सांडतं. पण पंप फेकायचा की खाली ठेवायचा, हे उन्हाच्या हातात नसतं. तेव्हा आपण दोनच गोष्टी करू. ऊन कमी करू आणि हात आवरू. मावशीच्या पत्र्याला पांढरा चुना लावा, पश्चिमेला ताडपत्री बांधा, रांगेसाठी पाण्याचा माठ ठेवा. हा हॉल रोज दुपारी सगळ्यांसाठी उघडा ठेवा, महाराजांशिवाय. आणि पुन्हा कुणी येऊन एखाद्या बाईकडे बोट दाखवून म्हणाला की सगळं हिच्यामुळे होतंय, तर आधी विचारा, लोट्यात काय आहे. माणूस बाहेर घालवण्याआधी तापमापक बाहेर टांगा. तो स्वस्त असतो आणि भाषण करत नाही."

सेक्रेटरींनी कागदाची घडी घातली. उलगडली. मग पुन्हा घडी घालून त्याने वारा घ्यायला लागले.

"स्कूटरवर एक पोतं टाकत जा," मावशी त्यांना म्हणाली. "सीट तापत नाही. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

घरी आले तेव्हा सव्वादोन वाजले होते. सदरा मी अण्णांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. तो आता गार झाला होता. वही उघडून शेवटची ओळ पुरती वाचली.

'४३.२. गल्ली: शांत. घर: लेकीचा आवाज चढला. कारण: ऊन. पंखा तिच्याकडे वळवला.'

मी वर बघितलं. पंखा अजून माझ्या पानाच्या जागेकडे तोंड करून होता. चौदा दिवस.

अडीचला मी गॅलरीत गेले. तापमापकाला हात न लावता, श्वास रोखून, डोळे पाऱ्याच्या रेषेत आणून, जसं शिकवलं होतं तसं वाचलं. एक्केचाळीस पूर्णांक सहा. वहीत लिहिलं. गल्लीच्या रकान्यात लिहिलं, हशा.

आणि मग मोठ्याने म्हणाले, खालून जाणाऱ्या दूधवाल्याने वर बघितलं तरी म्हणाले, "अण्णा, ऊन होतं, पण बोलले मी. कारण ऊन नव्हतं. चुकलं माझं. तुमचा आकडा मला हवा होता, अण्णा. रोज हवा होता."